श्रीमंत दुसरा बाजीराव आणि आपली वसई

स्मरणिकेत चरित्र यावयाचे ते थोर पुरुषाचे यावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. संत, समाजसुधारक, देशभक्त यांची चरित्रे या पानांवरून आपण दरवर्षी वाचीत आलो. यंदा संपादक मंडळाने आम्हांस लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा मात्र आम्ही जाणूनबुजून अशा पुरुषाची निवड केली की ज्याची जयंती कोणी करीत नाही. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी याबद्दल राग मानू नये. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इतिहाससंशोधक म्हणविण्याची आमची योग्यता नाही. तथापि सारा जन्म मुलांस इतिहास शिकविण्यात गेला, आणि त्या इतिहासातील एक पान आपल्या उमेळ्यापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर लिहिले गेले, ही जाणीव आम्हांस कधी स्वस्थ बसू देत नाही.

वसईचा तह, ३१ डिसेंबर १८०२, एवढे वाक्य आमचे विद्यार्थी घोकीत असत. परीक्षेत त्यास दोन गुण मिळत. एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले की ही वसई म्हणजे आपलीच वसई काय. आम्ही होय म्हटले. तेव्हा त्याने दुसरा प्रश्न विचारला की तह झाला तेव्हा वसईच्या लोकांना कोणी विचारले होते काय. वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही, आणि उत्तरही चटकन सुचले नाही.

आजकाल पारावर, रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत एकच बोलणे ऐकू येते. अमुक देशाचे सरकार परक्यांच्या तालावर नाचते, तमुक पुढारी विकला गेला, सारे एका माळेचे मणी. त्या वादात पडण्याचा आमचा हेतू नाही. पण परकी सत्ता एखाद्या राज्याच्या घरात शिरते ती कोणत्या दाराने, आणि ते दार आतून कोण उघडतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने दुसऱ्या बाजीरावाचे चरित्र जरूर पाहावे.

बाजीरावाचा जन्म १७७५ च्या जानेवारीत धार येथे झाला. पिता रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, माता आनंदीबाई. पहिल्या बाजीरावाचा हा नातू, आणि १७३९ साली ज्यांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला ते चिमाजीअप्पा म्हणजे त्याच्या आजोबांचे सख्खे धाकटे बंधू. घराण्याचा वारसा असा. पण मूल जन्मले तेव्हा घराण्याची दशा निराळी होती. पुतण्या नारायणराव याच्या खुनानंतर दादासाहेब पेशवाईसाठी वणवण फिरत होते व पुण्याचे कारभारी त्यांच्या पाठीवर होते. मूल दोन महिन्यांचे झाले नाही तोच, मार्च १७७५ मध्ये, दादांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला. गादीवर बसविण्यास इंग्रजांनी फौज द्यावी आणि त्या बदल्यात साष्टी व वसई घ्यावी, असा तो सौदा होता. ज्या वसईसाठी हजारो मराठे पडले, ती चिमाजीअप्पांच्या पुतण्याने कागदावर देऊन टाकली. त्याच्या हाती ती त्या वेळी नव्हतीच. पण राज्य मागणाऱ्यास असल्या गोष्टींची अडचण वाटत नाही.

पुणे दरबारने हा तह मानला नाही. युद्ध झाले, वडगावास इंग्रजांनी १७७९ मध्ये हार खाल्ली, तथापि १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वेढा घालून वसई घेतली. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. आमच्या वाचकांपैकी अनेकांस हे ठाऊक नसेल की त्या दिवसापासून आपली खाडी ही दोन राज्यांची सीमा झाली. या तीरावर नायगाव, उमेळे, वसई येथे पेशव्यांचा अंमल, आणि पलीकडे भाईंदर, घोडबंदर, ठाणे येथे कंपनीचा. पस्तीस वर्षे हीच स्थिती होती. ज्या खाडीवरून आज आपली मुले लोकलने नोकरीस जातात, तिच्या पलीकडे तेव्हा परका मुलूख होता.

राघोबादादा १७८३ मध्ये कोपरगावी वारले. त्यांचे कुटुंब पुणे दरबारच्या नजरकैदेत राहिले. प्रथम कोपरगाव, नंतर नाशिकजवळची आनंदवल्ली, शेवटी शिवनेरी. बाजीरावाचे बालपण व तारुण्याचा आरंभ पहारेकऱ्यांच्या सोबतीत गेला. रूप उत्तम, वाणी गोड, शास्त्रपुराणाचा अभ्यास चांगला. पण रणांगण पाहिलेले नाही आणि कोणा माणसावर भरवसा ठेवण्याचा प्रसंगही आलेला नाही. जे मूल कैदेत वाढते ते दाराबाहेरच्या पावलांचा आवाज ओळखण्यास शिकते, पावले कोणाची ते पाहण्यास शिकत नाही. बाजीरावाच्या पुढील वर्तनाचे मूळ आम्हांस येथे दिसते. त्यास दोष देताना एवढे तरी त्याच्या पदरात घालावयास हवे.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारले आणि शिवनेरीवरील कैदी गादीचा वारस ठरला. पुढील वर्षभर पुण्यात जे घडले ते सांगताना शाळेत आमचीही तारांबळ उडे. नाना फडणवीस आज बाजीरावाच्या विरुद्ध, उद्या त्याच्या बाजूस; परशुरामभाऊ पटवर्धनांनी धाकट्या चिमाजीस गादीवर बसविले; दौलतराव शिंदे ज्याने अधिक कबूल केले त्याचे. अखेर डिसेंबर १७९६ मध्ये बाजीरावास पेशवाईची वस्त्रे मिळाली. वर्ष लोटले नाही तोच १७९७ च्या अखेरीस त्याच नानांस शिंद्यांच्या छावणीत कैद झाली. शिंद्यांस कबूल केलेला पैसा खजिन्यात नव्हता. तो वसूल करण्यास शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांस पुणे शहर मोकळे करून दिले. सावकार, कारकून, गृहस्थ यांस उन्हात उभे करून, मारहाण करून पैसा काढला गेला. आपलेच शहर, आपलेच सरदार आणि आपलाच पेशवा. परक्यांचा यात तोपर्यंत काही संबंध नव्हता, हे विसरता येत नाही.

मार्च १८०० मध्ये नाना वारले. त्यानंतर दरबारात सल्ला देईल असे माणूस उरले नाही. एप्रिल १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांचे बंधू विठोजी हाती सापडले, तेव्हा बाजीरावाने त्यांस शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी देवविले. राघोबादादांचे आणि होळकरांचे जुने सख्य, पण सूडबुद्धीपुढे त्याचा उपयोग झाला नाही. यशवंतराव फौज घेऊन दक्षिणेत उतरले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजेचा त्यांनी मोड केला. बाजीराव लढाईत नव्हता. निकाल कळताच तो सिंहगडाकडे निघाला. पण निघण्यापूर्वी, त्याच दिवशी, त्याने इंग्रजांचा रेसिडेंट कर्नल क्लोज याजकडे निरोप धाडला होता की कंपनीच्या सहा पलटणी आम्ही ठेवून घेऊ व पंचवीस लक्षांचा मुलूख तोडून देऊ. लढाई होळकरांनी जिंकली, परंतु त्या दिवशी खरा लाभ कोणाचा झाला हे यावरून वाचकांनीच ठरवावे.

सिंहगडावरून रायगड, तेथून महाड, मग सुवर्णदुर्ग. होळकरांचे स्वार मागे असल्याने शेवटी इंग्रजांच्या जहाजाचा आश्रय घ्यावा लागला. डिसेंबरच्या मध्यास पेशव्यांची स्वारी वसईस उतरली. किल्ला स्वतःचाच, निशाण स्वतःचे, पण मालक पाहुण्यासारखा आला. क्लोजसाहेब मुंबईहून येऊन भेटले. वाटाघाटी फार लांबल्या नाहीत. डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी तह झाला.

कलमे अशी. कंपनीची सहा हजारांहून कमी नाही इतकी कवायती पायदळ फौज, तोफखान्यासह, पेशव्यांच्या मुलखात कायमची राहावी. तिच्या खर्चासाठी सालीना सव्वीस लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीस द्यावा. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्राचा कोणी युरोपियन चाकरीस ठेवू नये. सुरतेवरील हक्क सोडावा. निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या देण्याघेण्याच्या तंट्यात इंग्रजांचा निवाडा मानावा. आणि अन्य कोणत्याही राज्याशी बोलणे करणे ते कंपनीस विचारून करावे.

या अखेरच्या कलमाचा अर्थ आम्ही मुलांस असा समजावीत असू की घर तुझे, चूल तुझी, पण शेजाऱ्याशी बोलावयाचे झाल्यास आधी पहारेकऱ्यास विचार. आणि त्या पहारेकऱ्याचा पगारही तूच दे. तैनाती फौजेची सारी खुबी यातच आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनी १७९८ मध्ये निजामास याच दोराने बांधले होते आणि १७९९ मध्ये टिपूचा नाश केला होता. युरोपात फ्रेंचांशी इंग्रजांची चुरस चालू होती. हिंदुस्थानात फ्रेंच शिरकाव करतील ही भीती सांगून प्रत्येक दरबारात इंग्रज आधी शिरत होते. शिंद्यांचे कवायती कंपू फ्रेंच सेनापतींच्या हाती होते, तेव्हा ही भीती अगदीच खोटी नव्हती. परकी सत्ता नेहमी दुसऱ्या परक्याचे भय दाखवूनच आत येते. विलायतेतही हा तह सर्वांस पसंत पडला नाही. तेथील मंत्री लॉर्ड कॅसलरी यांनी त्यावर आक्षेप घेतले की यामुळे कंपनी मराठ्यांच्या न संपणाऱ्या तंट्यात गुंतेल. ते खरेही ठरले. फक्त शेवट कंपनीच्या फायद्याचा झाला.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. वसईच्या लोकांस कोणी विचारले नाही. १७७५ मध्ये दादांनी विचारले नाही, १७८२ मध्ये वसई परत घेताना पुणे दरबारने विचारले नाही, आणि १८०२ मध्ये त्यांच्याच डोळ्यांदेखत तह झाला तरी विचारले नाही. सुमारे चार महिने पेशव्यांची स्वारी येथे होती. आमच्या पूर्वजांनी तिच्यासाठी तांदूळ, मासळी, गवत, मीठ पुरविले असेल, पालख्या पाहिल्या असतील, आणि संध्याकाळी भाताची उडवी रचीत असता आपल्यावर कोणाचे राज्य आहे याची बातमी त्यांस लागली असेल किंवा नसेलही.

येथे थोडे विषयांतर होते, त्याची क्षमा असावी. आमच्या तरुणपणी जवळच्याच एका गावी दोन आळ्यांत तळ्याच्या काठच्या जागेवरून तंटा पडला होता. गावकीत तो मिटण्यासारखा होता. परंतु एका बाजूने बाहेरचा एक वजनदार माणूस आणला, तेव्हा दुसऱ्या बाजूने त्याहून वजनदार आणला. दोन्ही आळ्यांच्या वर्गण्या त्यांच्या सरबराईत संपल्या. जागा आज कोणत्याच आळीकडे नाही. नावे घेण्याचे कारण नाही. जाणत्यांस ती ठाऊक आहेत. आपल्या ज्ञातीतही असे प्रसंग आले नाहीत असे नाही. असो.

एप्रिल १८०३ मध्ये जनरल आर्थर वेलस्ली पुण्यास पोहोचला. होळकर आधीच निघून गेले होते. इंग्रजी फौजेच्या सोबतीने बाजीराव वसईहून निघाला व १३ मे १८०३ रोजी पुन्हा गादीवर बसला. पेशवाई मिळाली, पण ज्या शिंदे व भोसले यांच्या बळावर ती उभी होती, त्यांच्याशीच इंग्रजांचे युद्ध त्याच वर्षी जुंपले. ऑगस्टमध्ये अहमदनगर गेले, सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात लासवारी व अडगाव, डिसेंबरात गाविलगड. भोसल्यांनी देवगावास व शिंद्यांनी सुर्जी अंजनगावास तह केले. यशवंतराव होळकर या युद्धात स्वस्थ बसले, आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्यांच्या मदतीस कोणी गेले नाही. एकट्या बाजीरावाच्या माथी सारे खापर फोडणाऱ्यांनी हेही पाहावे. लुटालूट व अवर्षण यांमुळे १८०३-०४ मध्ये देशावर भयंकर दुष्काळ पडला, आणि माणसे घाट उतरून कोकणात व मुंबईस आली. त्यांच्या तोंडी कोणत्या सरदाराचे नाव होते कोण जाणे.

पुढील चौदा वर्षे पुण्यात शांतता होती. ही शांतता कशी होती ते समजून घेण्यासारखे आहे. रेसिडेंट कधी हुकूम करीत नसे. तो सल्ला देई. सल्ला मानला नाही तर सहा पलटणी होत्याच. ज्या सरदाराची पेशव्यांशी कुरबूर असेल तो संगमावरील रेसिडेंटच्या बंगल्याची वाट धरी, आणि वाड्यातील खलबत दुसऱ्या दिवशी त्या बंगल्यात पोहोचे. बाहेरच्या शत्रूचे भय गेल्यामुळे पेशव्यास फौज बाळगण्याची गरज उरली नाही, आणि रयतेस प्रसन्न ठेवण्याचीही उरली नाही. पूर्वी राज्यकर्त्यास निदान एवढे तरी भय असे की रयत उठली तर शत्रू चालून येईल. आता गादीचे रक्षण कंपनी करणार होती. मग मामलती मक्त्याने देणे सुरू झाले. जो अधिक रक्कम कबूल करी त्यास परगणा मिळे, आणि पुढील साली त्याहून अधिक बोलणारा आला की पहिल्याची उचलबांगडी होई. साहजिकच मक्तेदार एका वर्षात रयतेकडून जितके पिळून घेता येईल तितके घेई. वाड्यात मात्र दानधर्म, ब्राह्मणभोजने, अनुष्ठाने यांस तोटा नव्हता. तैनाती फौजेचे सर्वांत मोठे नुकसान कोणते असे आम्हांस कोणी विचारले, तर सव्वीस लक्षांचा मुलूख नव्हे, हे आम्ही म्हणू. राजास प्रजेची गरज उरली नाही, हे ते नुकसान.

१८११ मध्ये एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून आला. माणूस विद्वान, वागण्यात सभ्य आणि डोळ्यांत तेल घालून बसणारा. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हे इंग्रजांच्या हमीवर हिशेबाच्या बोलण्यास पुण्यास आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास त्यांचा खून झाला. संशय बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे याजवर आला. एल्फिन्स्टनने त्यास मागितले. बाजीरावाने दिवस काढले, बहाणे केले आणि शेवटी त्यास स्वाधीन केले. त्रिंबकजीस आपल्या खाडीपलीकडच्या ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. तेथील एका मोतद्दाराने घोडे न्याहाळीत गाणी म्हणून त्यास सुटकेचा बेत कळविला, ही हकीकत आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी रंगवून सांगत असत. सप्टेंबर १८१६ मध्ये तो निसटला खरा.

एल्फिन्स्टनने हे निमित्त सोडले नाही. मे १८१७ मध्ये पुण्यास फौजेचा वेढा पडला आणि १३ जून रोजी पुण्याचा तह झाला. मराठेशाहीचे नायकत्व सोडले असे बाजीरावास लिहून द्यावे लागले, आणि मुलूखही द्यावा लागला. त्या मुलखात उत्तर कोकण होते. म्हणजे ज्या वसईत बसून त्याने गादी वाचविली, ती वसईही पंधरा वर्षांनी त्याच दोस्ताने घेतली. आपली खाडी दोन राज्यांची सीमा राहिली नाही. दोन्ही तीर कंपनीचे झाले.

तेव्हा कोठे बाजीराव लढावयास उठला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस लढाई झाली, ती त्याने पर्वतीवरून पाहिली. बापू गोखले व त्यांचे लोक शौर्याने लढले, याविषयी इंग्रजांनीही शंका घेतली नाही. पण जी फौज चौदा वर्षे गरज नाही म्हणून मोडीत काढली ती एका महिन्यात कोठून उभी राहावी? पुणे गेले. पळ सुरू झाला. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीस बापू गोखले धारातीर्थी पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. ३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षास आठ लक्ष रुपये तनखा ठरला. ही रक्कम फार झाली असे कलकत्त्यास म्हणजे माल्कमच्या वरिष्ठांस वाटले.

कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर येथे त्याने उरलेले आयुष्य काढले. देशावरून कित्येक कुटुंबे त्याच्या मागे गेली. पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून अमर झालेली मोरोपंत तांब्यांची कन्या याच वस्तीत वाढली, आणि तात्या टोपेही तेथलेच. स्वतः बाजीराव मात्र कंपनीशी एकनिष्ठ राहिला. अफगाण युद्धात कंपनीस पैशाची चणचण पडली, तेव्हा त्याने पाच लक्ष रुपये कर्जाऊ दिले; शिखांच्या युद्धात स्वार व प्यादे देऊ केले. ज्यांनी राज्य घेतले त्यांस राज्य वाढविण्यास मदत करणारा हा पदच्युत राजा. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेविले होते.

औरस पुत्र वाचला नाही म्हणून १८२७ मध्ये धोंडोपंत, म्हणजे नानासाहेब, यांस दत्तक घेतले. तेहतीस वर्षांच्या तनख्याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. तो दोन कोटी साठ लक्षांच्या घरात जातो. जानेवारी १८५१ मध्ये शहात्तराव्या वर्षी बाजीराव वारला. कंपनीने तनखा त्याच्याबरोबर बंद केला. नानासाहेबांनी विलायतेपर्यंत अर्ज केले, ते फेटाळले गेले. पुढे सत्तावनचे युद्ध झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजी फौज बिठुरास आली. तिने वाडा जाळला, देवळे उडविली, आणि वाड्याच्या विहिरीत लपविलेले सोन्यारूप्याचे ताट-तांबे व नाणी कित्येक दिवस पाणी उपसून बाहेर काढली.